पत्नीच्या स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन: पतीची जागा कुठे?

भारतातल्या महिलांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचा आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना तो झाला. तरीही आपल्या मोहल्ल्यात या आजाराचे नाव कुजबुजत घेतले जाते. "तिच्या छातीत काहीतरी निघालंय" एवढंच. बायका बायकांशी बोलतात. नवरा पैशांची आणि गाडीची सोय करतो आणि दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून राहतो. त्याला वाटतं, हे बायकांचं काम, यात आपण काय करणार?

हिजरी सन २ मध्ये बद्रची लढाई झाली तेव्हा हजरत उस्मान (रजि.) मैदानात नव्हते. त्यांच्या पत्नी, प्रेषितांच्या कन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. त्यांच्याजवळ थांबायला खुद्द प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनीच सांगितले होते. लढाईनंतर त्यांना बद्रमध्ये लढलेल्या माणसाइतकाच सवाब आणि गनीमतीतला वाटा मिळाला. म्हणजे आजारी पत्नीची खिदमत हे कमी दर्जाचे काम नाही. मग ही खिदमत आज नेमकी कशी करायची, ते पाहू.

ऑपरेशनच्या आधी

डॉक्टरांच्या खोलीत तिच्याबरोबर आत जा. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर माणसाला पुढचे काही ऐकू येत नाही. म्हणून एक वही ठेवा. प्रश्न घरूनच लिहून न्या आणि उत्तरे तिथेच लिहून घ्या. सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा.

दोन गैरसमज घरात फार ऐकू येतात. पहिला, "सुई टोचली की कॅन्सर पसरतो." हे खरे नाही. बायोप्सीशिवाय आजाराचा प्रकार कळत नाही आणि योग्य औषध ठरत नाही. दुसरा, "सगळंच काढून टाका, म्हणजे कटकट मिटली." सुरुवातीच्या टप्प्यात फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन दिले, तरी जगण्याचे प्रमाण पूर्ण स्तन काढण्याइतकेच राहते. इटली आणि अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या पाहणीचे निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात हेच दिसले. मात्र प्रत्येकीला ते शक्य नसते. डॉक्टरांना विचारा, आणि निर्णय तिला घेऊ द्या. शरीर तिचे आहे.

पर्द्याच्या कारणाने तपासणी लांबवू नका. महिला डॉक्टर मिळत असेल तर जरूर मागा. नसेल तर गरजेपुरते पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेणे जायज आहे.

घरी आल्यावर

बहुतेक वेळा जखमेजवळ एक नळी आणि तिला जोडलेली बाटली असते. तिला ड्रेन म्हणतात. आत साचणारे पाणी त्यातून बाहेर येते. ती कशी रिकामी करायची हे नर्सकडून शिकून घ्या आणि हे काम स्वतः करा. आधी हात साबणाने धुवा. रोज किती मिली निघाले ते वहीत लिहा. रंग लालसर असतो, मग हळूहळू पिवळसर होत जातो. २४ तासांतले पाणी साधारण ३० मिलीच्या खाली आले की डॉक्टर नळी काढण्याचा विचार करतात. ताप आला, जखम लाल झाली, पू दिसला किंवा अचानक ताजे रक्त येऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नका.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला पुढे सूज येण्याचा धोका असतो. त्या हातात घट्ट बांगड्या नकोत. बीपी मोजणे, रक्त काढणे, सलाईन लावणे शक्यतो दुसऱ्या हातात करायला सांगा. तव्याचा चटका, सुरीचा काप यापासून हात जपा. पाण्याची बादली, सिलेंडर, लहान मूल उचलण्याचे काम घरातल्या पुरुषांचे. पण हात अगदी बांधून ठेवायचा नाही. फिजिओथेरपिस्ट सांगेल तो व्यायाम रोज झाला पाहिजे, नाहीतर खांदा आखडतो.

इबादतीत सवलत आहे. बसून नमाज, गरज पडल्यास पट्टीवर मसह, रोजे नंतर कजा. नेमके काय करायचे ते आपल्या आलिमांना विचारा. तिला एकटे सोडता येत नसेल, तर जमातला न जाता घरी नमाज पढण्याचा उज्र पतीलाही आहे.

ती आरशात पाहील तेव्हा

पट्टी पहिल्यांदा उघडते तो दिवस बऱ्याच जणींना ऑपरेशनपेक्षा कठीण जातो. त्या दिवशी नजर चोरू नका. "मला काही फरक पडत नाही" असे घाईने म्हणण्यापेक्षा तिला रडू द्या, जवळ बसा. केमोथेरपीने केस गेले तर ते सहसा परत येतात, हेही तिला माहीत असू द्या.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अशा घरात कुणीतरी हळूच दुसऱ्या लग्नाचा विषय काढतो. कधी तिच्या कानावर जाईल अशा बेताने. तो विषय तिथल्या तिथे थांबवायची जबाबदारी पतीची आहे, सासूची किंवा नणंदेची नाही. भेटायला येणाऱ्यांनाही सांगा: वेळ ठरवून या, आणि कोण कुणाचे वारले त्याच्या गोष्टी नकोत.

मुलांपासून सगळे लपवू नका. आम्ही शिक्षक वर्गात पाहतो, घरात काय चाललंय हे न कळलेले मूल जास्त घाबरते आणि कधी स्वतःलाच दोष देते. वयाला समजेल एवढे सांगा आणि वर्गशिक्षकांनाही कळवा.

पैशाचा प्रश्न

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत महाराष्ट्रातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, कॅन्सरचेही. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून जाणार असाल, तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

ऑपरेशन झाले म्हणजे उपचार संपले असे नाही. नंतर केमो, रेडिएशन, काहींना पाच ते दहा वर्षे रोजची गोळी. सुरुवातीला घरात गर्दी असते, तीन महिन्यांनी कुणी नसते. तेव्हा खरी गरज पतीचीच असते.

ज्यांच्या घरी ही वेळ आली आहे त्यांना अल्लाह शिफा आणि सबर देवो. बाकीच्यांनी आज घरात एवढेच विचारावे: कुठे गाठ लागतेय का? दुखत नसली तरी दाखवायची. दवाखान्यात बरोबर आपण जायचे.