धुकं किती दाट पडणार, हे मोबाईलला का जमत नाही?

वीर (ता. महाड) : थंडीत सावित्रीच्या खोऱ्यात पहाटे धुकं बसलं की महामार्गावरच्या गाड्या दिवसासुद्धा दिवे लावून चालतात. आंब्याला मोहोर असेल तर बागायतदाराचा जीव टांगणीला लागतो. मोबाईलवर मात्र नुसतं 'धुके' एवढंच येतं, कधी तेही नसतं. यात अंदाज देणाऱ्यांचा आळस नाही, खरी अडचण धुक्याच्या थेंबात आहे.

धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. त्यातले थेंब साधारण ५ ते ५० मायक्रॉनचे. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज यावा. प्रत्येक थेंब धुळीच्या, धुराच्या नाहीतर समुद्रावरून आलेल्या मिठाच्या कणाभोवती जमतो. कण जास्त असले की तेवढंच पाणी जास्त जणांत वाटलं जातं. पातेल्यातली आमटी तेवढीच आणि पंगत मोठी, तसं.

थेंबाची जाडी निम्मी झाली, तर तेवढ्याच पाण्यात आठपट थेंब होतात आणि दिसण्याचं अंतर निम्म्यावर येतं. पाणी तेच, पण २०० मीटरवर दिसणारा ट्रक १०० मीटरवर येईपर्यंत दिसत नाही! हवामान खात्याच्या हिशेबात २०० मीटरच्या आत दिसलं तर दाट धुकं, ५० च्या आत अतिदाट.

थेंब रात्रभर एकसारखेही राहत नाहीत. हवा गार होत गेली की ते वाढतात. २० मायक्रॉनचा थेंब शांत हवेत तासाला ४० मीटरच्या वर खाली उतरतो, १० मायक्रॉनचा जेमतेम ११. म्हणून मोठे थेंब लवकर खाली बसून पानं भिजवतात, बारीक तरंगत राहतात.

संगणकाला एवढे थेंब मोजणं शक्य नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'भारत फोरकास्ट सिस्टीम' हे मॉडेल २०२५ मध्ये सुरू झालं. त्याचा एक चौकोन ६ किलोमीटरचा. नदीकाठ आणि शेजारचा डोंगर एकाच चौकोनात येऊ शकतात. बरीचशी मॉडेलं हवेतलं एकूण पाणी धरतात आणि थेंबांची संख्या ठरावीक मानतात. ती खऱ्यापेक्षा कमी धरली, तर मॉडेलमधले थेंब मोठे होऊन लवकर खाली बसतात. कागदावर धुकं उठलेलं असतं, रस्त्यावर मात्र तसंच असतं. थेंबांचे आकारवार गट करून हिशेब मांडणारी पद्धतही आहे, पण तिला संगणकाचा वेळ फार लागतो.

हेच तपासायला आयआयटीएमने २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याची मोजणी सुरू केली. पण दिल्लीची धुरकट हवा वेगळी, आपली वेगळी. तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तोवर रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि जमीन ओली असेल, तर पहाटे धुक्याची शक्यता धरून गाडी काढावी. मोहोर किती वेळ ओला राहिला यावर करप्याचा धोका ठरतो, आणि ते मोबाईलवर दिसत नाही. सकाळी बागेत जाऊन मोहोराला हात लावूनच पाहावं लागतं.