पानांची कमाई आणि आपली भाकरी

बँकेच्या काउंटरवर वीस-बावीस वर्षे बसून माणसांचा जमा-खर्च पाहण्याची सवय जडली आहे. काही वर्षांपूर्वी पीककर्जाच्या कामासाठी आलेल्या एका आजींनी मात्र मला निराळाच हिशेब विचारला. "दादा, भात डोळ्यांदेखत उभा होता. लोंब्या पण आल्या. झोडून बघतो तर निम्मा दाणा पोचट. खत घातलं, बेणणी केली. मग दाणा गेला कुठं?" मला उत्तर देता आले नाही. मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाशी संबंध दहावीपुरताच. पण प्रश्न मनात राहिला. पुढे जे वाचले, जाणकारांकडून समजून घेतले, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे व विशेषतः विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

पानाचे पासबुक

हिरवे पान म्हणजे एक बचत खाते समजा. दिवसा सूर्यप्रकाशाच्या बळावर पान हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी आणलेले पाणी यांपासून साखर तयार करते व प्राणवायू बाहेर सोडते. हेच प्रकाशसंश्लेषण. ही झाली जमा. परंतु झाडालाही जगण्यासाठी खर्च असतो. ते रात्रंदिवस श्वसन करते आणि त्यात साखर खर्ची पडते. जमेतून खर्च वजा जाऊन जी शिल्लक उरते, तीच दाण्यात भरते. आपण खातो तो भात म्हणजे झाडाची शिल्लक होय.

आता हवामान बदलाचा घाव कोठे बसतो ते पाहू. रात्री उबदार झाल्या की झाडाचे श्वसन वाढते, म्हणजे खात्यातून रोज जादा रक्कम निघते. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांवरील १९७९ ते २००३ या काळातील नोंदींचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. उन्हाळी हंगामात रात्रीचे किमान तापमान १ अंशाने वाढले की भाताचे उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. शिवाय भात फुलोऱ्यात असताना दुपारचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले तर परागीभवन बिघडते आणि दाणा धरतच नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत ढग हटले नाहीत, तर प्रकाशाअभावी जमाच कमी पडते. त्या आजींच्या शेतात नेमके काय घडले, हे शेत न पाहता सांगणे धाडसाचे होईल. पण दाणा पोचट राहण्याच्या ज्या वाटा आहेत, त्यांतल्या बऱ्याच वाटा हवामान बदलाने रुंद केल्या आहेत.

शिल्लक दाण्यात उतरली तरी घरात येईल याची खात्री नाही. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर 'क्यार' चक्रीवादळाच्या पावसाने कोकणातील कापणीला आलेला आणि कापून ठेवलेला भात भिजला. २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' आले आणि त्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले. हे आपण विसरलेलो नाही.

कार्बन वाढला तर फायदा नाही का?

हुशार विद्यार्थी येथे शंका काढील, की कार्बन डायऑक्साइड हे तर पानाचे खाद्य आहे, मग ते वाढले तर पीक वाढायला नको का? शंका रास्त आहे. कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. त्यामुळे भात-गव्हाच्या पानांची कमाई काही प्रमाणात वाढते, हे खरे आहे. परंतु उष्णता आणि अवेळी पाऊस तो लाभ हिरावून घेऊ शकतात. शिवाय अशा हवेत वाढलेल्या भात-गव्हाच्या दाण्यात प्रथिने, लोह व जस्त कमी भरते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे पोते भरले तरी पोषण कमी. ज्या घरात ताटात भाताखेरीज फारसे काही नसते, त्या घरातील माता-बालकांवर याचा भार अधिक पडणार.

नाचणीची युक्ती

भाताच्या पानात कार्बन पकडणारे 'रुबिस्को' नावाचे विकर असते. उष्णता वाढली की ते गोंधळते. कार्बनऐवजी प्राणवायू पकडते आणि केलेली कमाई वाया घालवते. नाचणीच्या पानाने यावर उपाय काढला आहे. ते कार्बन आधी गोळा करून पानातील आतल्या पेशींत दाटीने पोहोचवते, त्यामुळे चूक फारशी होत नाही. म्हणून कडक उन्हात आणि थोड्या पाण्यात नाचणी तग धरते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस याच गटातले. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तांदळात १० च्या आसपास.

आपल्या समाजाचे नाचणीशी नाते जुने आहे. खोतांच्या अमलात पाण्याची खाचरे दुसऱ्यांची आणि डोंगरउतारावरची वरकस जमीन आपल्या वाडवडिलांच्या घामाची, असेच बहुधा होते. ती खोती नष्ट व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. त्या उतारावर आपल्या आज्यांनी नाचणी आणि वरी पिकवून पोरे वाढवली. पुढे रेशनचा तांदूळ घरात आला आणि नाचणीची भाकरी गरिबीची खूण वाटू लागली. मीही शाळेत डब्यातली काळी भाकरी झाकून खात असे. आज त्याची लाज वाटते.

रेशनला नावे ठेवण्याचा हेतू नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला, तो जपलाच पाहिजे. पण रेशनचे धान्यही शेवटी कोणत्या तरी पानाचीच कमाई असते. २०२२ च्या मार्चमधील उष्म्याने उत्तरेतील गहू बारीक राहिला आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. एकाच पिकावर भिस्त ठेवणे म्हणजे सारी पुंजी एकाच ठिकाणी गुंतवणे. बँकेतला माणूस असा सल्ला कोणाला देणार नाही.

आपण काय करावे?

नाचणीची बाजू सांगताना तिच्या अडचणी लपवू नयेत. मेहनत जास्त, उत्पन्न भातापेक्षा कमी, करपा पडतो, शिवाय रानडुकरे आणि वानरांचा त्रास. म्हणून भात सोडा असे मी म्हणत नाही. रत्नागिरीजवळच्या शिरगाव संशोधन केंद्राने 'रत्नागिरी-२४' सारख्या भाताच्या जाती दिल्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठात नाचणीवरही काम होते. गावाकडे पडीक वरकस जमीन असेल त्यांनी तेथे चौकशी करून थोडी तरी नाचणी लावावी. शहरात राहणाऱ्यांनी आठवड्यातून दोन दिवस भाकरी किंवा आंबील घ्यावी; मागणी असेल तरच पिकवणाऱ्याला दाम मिळेल. विद्यार्थ्यांनी गावातील जुन्या बियाण्यांची नावे आजी-आजोबांकडून लिहून घ्यावीत. आणि एखाद्या मुला-मुलीने कृषी शाखेकडे वळावे, ही माझी मनापासून इच्छा आहे.

म्हणजे पुढच्या वेळी एखादी आजी काउंटरवर येऊन "दाणा गेला कुठं?" असे विचारील, तेव्हा तिला उत्तर देणारे कोणीतरी आपल्याच घरातले असेल.