ट्रॅपसाठी बंदूक घेताना

आपल्या परभणी जिल्ह्यात बारा बोअरची बंदूक काही नवलाची नाही. रानडुकरं आणि रोही यांच्यापासून पीक राखायला परवाना काढून घेतलेली जुनी दुनळी कुठं कुठं अजून घरात असते. त्यामुळं नेमबाजीची गोडी लागलेली मुलं हमखास विचारतात, ‘काका, घरचीच बंदूक ट्रॅपला चालंल का?’

नियमानं चालते. पण खेळ वेगळा आहे. स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ब्राँझपदक मिळवलं ते रायफलवर. तिथं लक्ष्य जागचं हलत नाही. ट्रॅपमध्ये पंधरा मीटर पुढच्या खंदकातून ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी सुटते, वर चढत दूर पळते, आणि डावीकडं जाणार की उजवीकडं हे आधी कळत नाही. प्राथमिक फेरीत एका तबकडीला फार तर दोन बार. माशी बघत बसायला वेळ कुठला?

रायफलीला मागंही नेम धरायची सोय असते. छर्‍याच्या बंदुकीला मागं काहीच नसतं. ते काम तुमचा डोळा करतो. म्हणून गाल दस्त्यावर नेमका कुठं टेकतो, यावर सगळं अवलंबून. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, सुरक्षित दिशेला धरा, डोळे मिटून खांद्याला लावा आणि मग उघडा. नळीवरची पट्टी किंचित चढती दिसून टोकाला माशी दिसली, तर माप जुळलं. नुसतं मागचं लोखंड दिसलं तर दस्ता खाली आहे. तबकडी चढती असल्यामुळं ट्रॅपची बंदूक नेमापेक्षा थोडा वर मार करते. राखणीच्या दुनळीचा दस्ता बहुधा खाली उतरलेला असतो, नळ्याही शेजारी शेजारी. ट्रॅपवाले एकावर एक नळ्यांची बंदूक घेतात. नळी तीस किंवा बत्तीस इंची, वजन साडेतीन ते चार किलो. हलकी बंदूक हातात बरी वाटते, पण झटका जास्त देते आणि फिरवताना मध्येच थांबते. नळीचं तोंड आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. दुसर्‍या बाराला तबकडी लांब गेलेली असते, म्हणून तो चोक अधिक आवळ.

सेलूकडच्या एका शेतकर्‍यानं सोयाबीनचे पैसे बाजूला काढून मला विचारलं, ‘पोराला इटलीची घेऊ का?’ मी म्हटलं, आधी काडतुसांचा हिशोब करा. पंचवीस तबकड्यांच्या एका फेरीला पन्नासपर्यंत काडतुसं लागतात, आणि स्पर्धेची प्राथमिक फेरी १२५ तबकड्यांची. शिवाय सरावाला गाडी धरून हैदराबाद गाठायचं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ट्रॅपचं सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक ब्राँझ मिळवणारा कायनन चेनाई त्याच शहरातला.

परवान्याचंही आहेच. तो आधी, बंदूक नंतर. त्यासाठीचं वय साधारणपणे एकवीस. खेळाडूंचे नियम वेगळे आहेत, ते क्लबकडून समजून घ्यावेत. शिवाय पोरगा सतराचा, अजून वाढतोय. आज बेतलेला दस्ता दोन वर्षांनी आखूड पडायचा.

सध्या तो क्लबच्या बंदुकीवर शिकतोय. दस्त्याला मागं जाड रबरी गादी लावून माप जुळवलंय. सोयाबीनच्या पैशातून काडतुसं येतात.