समुद्रावरील लोकरीचें कवच

'गंजीफ्राक' या शब्दाचें मूळ संस्कृतांत शोधणें व्यर्थ होय. इंग्लिश खाडींत, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, गर्न्सी नांवाचें लहानसें बेट आहे. तेथील विणीव मोजे सोळाव्या शतकांतच प्रसिद्ध होते. पुढें 'गर्न्सी' हें कोळ्यांच्या लोकरी सदऱ्याचेंच नांव झालें, आणि तोच शब्द झिजत झिजत आपणांकडे 'गंजी' होऊन आला. आपली गंजी पातळ व सुती. मूळची मात्र वादळाशीं झुंजणारी होती.

एकोणिसाव्या शतकांत हा सदरा कॉर्नवॉलपासून स्कॉटलंडपर्यंत कोळ्यांच्या अंगावर दिसूं लागला. तो बहुधा घरच्याच स्त्रिया विणीत. हेरिंग मासळीच्या हंगामांत स्कॉटलंडच्या मुली ती साफ करावयास बंदरामागून बंदर करीत यार्मथपर्यंत जात; हात रिकामे झाले कीं चालतां चालतां त्यांचें विणकाम सुरू होई.

त्याची कृति विचार करण्याजोगी आहे. घट्ट पिळाचा पांचपदरी, बहुधा गडद निळा धागा घेऊन दोन्ही टोंकांस अणकुचीदार अशा बारीक पोलादी सुयांवर तो गोलाकार विणीत; त्यामुळें कुशींस शिवण नसे. टाके इतके दाट कीं वारा सहसा आंत शिरत नसे. जाळें ओढतांना हात मोकळा राहावा म्हणून काखेंत चौकटीच्या आकाराची कळी असे. छातीवर उलट-सुलट टाक्यांनीं दोरखंड, शिडी, नांगर अशी नक्षी काढीत. तिच्या जाडीनें ऊबही वाढे. परंतु खरी दूरदृष्टि अस्तन्यांत आहे. खांद्यापाशीं टाके उचलून त्या मनगटाकडे विणीत. मनगट आधीं झिजतें. मग तेवढेंच उसवून नव्या लोकरीनें पुन्हां विणतां येई.

नक्षीवरून गांव ओळखूं येई व बुडालेल्याची ओळख पटे, असें सांगतात. आम्हांस तें पूर्णपणें पटत नाहीं. गांवोगांवच्या आवडी भिन्न असत खऱ्या, तथापि लग्नसंबंध व प्रवास यांबरोबर नक्षीही फिरे. कित्येक सदऱ्यांवर आद्याक्षरें विणीत, ती खूण अधिक भरंवशाची. सिंज या आयरिश नाटककाराच्या, १९०४ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'रायडर्स टु द सी' या एकांकिकेंतही बहीण भावास ओळखते ती त्याच्या मोज्यांतील आपण मोजलेल्या व गाळलेल्या टाक्यांवरून.

भय मात्र खरें होतें. १४ आक्टोबर १८८१ च्या वादळांत स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर १८९ कोळी बुडाले. त्यांपैकीं १२९ एकट्या आयमथ गांवचे. वस्त्र टिकावें आणि माणूस परतावा, या दोनच इच्छा धरून त्या स्त्रिया विणीत. दुसरी त्यांच्या हातीं नव्हती. पहिलींत त्यांनीं कसूर केली नाहीं. घरांतील सुईकामास 'फावल्या वेळचा उद्योग' म्हणणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, असें आम्हांस वाटतें.