पोटाचा घेर आणि काळजातली वीज

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या बाजूला सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींत वजनाचा विषय निघाला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "पोट सुटलंय थोडं, पण ईसीजी नॉर्मल आलाय!"

त्या गुलाबी चौकटींच्या कागदावर सेकंदाला 25 मिलिमीटर या वेगाने हृदयातली वीज उमटते, तीही साधारण दहाच सेकंदांची. रात्री दोनला ठोका चुकला आणि पहाटे ताळ्यावर आला, तर दुपारच्या कागदावर त्याचा मागमूस राहत नाही. शिवाय छातीवर चरबीचा जाड थर असेल, तर रेघा बुटक्या उमटतात.

चरबीने फक्त रक्तवाहिन्या तुंबतात, हा समज तर घरोघरी आहे. पण हृदयाला बाहेरून बिलगलेली चरबी आणि हृदयाचा स्नायू यांच्यामध्ये पडदाच नसतो. ती वाढली की दाह निर्माण करणारी द्रव्यं थेट स्नायूत झिरपतात, तिथे व्रणासारखे तंतू साचतात आणि वीज वाटेत अडखळते. मग वरचे कप्पे नीट आकसायचे सोडून नुसते थरथरतात. हेच एट्रियल फिब्रिलेशन. ईसीजीतली छोटी 'पी' लहर नाहीशी होते, ठोक्यांमधल्या अंतराला काही धरबंध राहत नाही. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं. गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. त्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो. आणि छातीत धडधडलं, तर घरात सल्ला काय मिळतो? "पित्त झालंय, कोकम सरबत घे."

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या 2004 मधल्या अभ्यासात लठ्ठ माणसांत या विकाराचा धोका जवळपास दीडपट आढळला.

"मी तर बारीक आहे" म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो पाहावा. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. शेजारी ब्रिटिश मित्र डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2! म्हणून आपल्याकडे काट्याइतकीच मोजपट्टीही हवी: कंबर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत.

एकदा लय बिघडली की बिघडलीच, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या डॉक्टरांनी 2015 मध्ये दाखवलं, की ज्या लठ्ठ रुग्णांनी दहा टक्के वजन उतरवून टिकवलं, त्यांची या विकारातून मोकळं राहण्याची शक्यता सहापट होती. ज्यांचं वजन खालीवर होत राहिलं, त्यांचा फायदा मात्र घटला.

मनगटावर तीन बोटं ठेवून मिनिटभर नाडी पाहावी. ठोके एका तालात लागत नसतील, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं आणि 24 तास ठोके नोंदवणाऱ्या होल्टर तपासणीबद्दल विचारावं. रात्री जोरात घोरणं, मधेच श्वास अडकणं होत असेल, तर तेही त्याच वेळी सांगून टाकावं, कारण त्याचाही या विकाराशी संबंध असतो.