टेक्सोमाकाठचे बिऱ्हाड

अमेरिकेत टेक्सास आणि ओक्लाहोमा यांच्या सीमेवर, रेड नदीवरच्या डेनिसन धरणामागे लेक टेक्सोमा हा सुमारे 36 हजार हेक्टरांचा जलाशय पसरला आहे. 1944 साली पूर्ण झालेले हे धरण पूर आवरण्यासाठी आणि विजेसाठी बांधले गेले. तंबू आणि गळ नंतर आले. त्याच वर्षीच्या पूरनियंत्रण कायद्याने धरण बांधणाऱ्या लष्करी अभियंता दलाला आपल्या जलाशयांवर सहलीच्या सोयी करण्याची मुभा दिली. बर्न्स रन, जुनिपर पॉइंट हे टेक्सोमाकाठचे तळ या दलाकडेच आहेत.

निवृत्त जोडप्यांना असे तळ परवडतात, यामागे सरकारी सवलत आहे. वयाची 62 वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाला 80 डॉलरमध्ये आजन्म ज्येष्ठ पास मिळतो. 2017च्या ऑगस्टपर्यंत तो अवघ्या 10 डॉलरला होता. पास दाखवला की अभियंता दलाच्या तळांवर मुक्कामाचे भाडे निम्मे होते. जागा आरक्षित करता येते, पण सुट्टीच्या दिवसांत ती मिळणे कठीण. शाळा सुरू असताना, आठवड्याच्या मधल्या वारी येण्याची चैन निवृत्तांनाच साधते. मुक्कामाला साधारण 14 दिवसांची मर्यादा असते. त्याहून जास्त राहायचे असेल तर काही जोडपी तळाचे यजमान होतात: आलेल्यांना माहिती द्यायची, परिसर नीटनेटका ठेवायचा आणि त्या बदल्यात जागा फुकट. तरुणपणचा तंबू या वयात बहुधा मागे पडतो. गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात पलंग, शेगडी, संडास सगळे असते. तळावर वीज आणि पाणी जोडले की बिऱ्हाड थाटले. सांडपाणी मात्र परत जाताना ठरलेल्या जागीच रिकामे करावे लागते.

इथला खरा मानकरी मासा म्हणजे स्ट्रायपर, अंगावर काळ्या रेघा असलेला पट्टेरी बास. तो मूळचा समुद्रातला, अंडी घालायला नदीत शिरणारा. त्याची अंडी उबेपर्यंत वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात; तळाशी बसली तर मरतात. म्हणून बहुतेक जलाशयांत त्याची पिल्ले वरचेवर सोडावी लागतात. टेक्सोमात वरून येणाऱ्या रेड आणि वॉशिटा या नद्यांचा प्रवाह पुरेसा लांब आहे, शिवाय पाणीही किंचित खारट. 1960च्या दशकात इथे सोडलेला स्ट्रायपर त्यामुळे स्वतःच वाढू लागला. आमिष म्हणून शॅड नावाची जिवंत छोटी मासळी लावतात. हिवाळ्यात सीगल एकाच जागी सूर मारू लागले की जाणकार होडी तिकडे वळवतात. दिवसाला माणशी 10 स्ट्रायपर घेता येतात. त्यांत 20 इंच किंवा त्याहून लांब दोनच. बैठ्या स्वभावाच्या माणसाला कॅटफिश बरा, काठावर खुर्ची टाकूनही तो मिळतो. जानेवारी 2004 मध्ये इथेच 55 किलोंचा निळा कॅटफिश काठावरून पकडला गेला आणि तेव्हा तो जागतिक विक्रम ठरला.

मासे टिकवण्याचा खर्च गळ टाकणारेच उचलतात, आणि ही व्यवस्था वाखाणण्याजोगी आहे. 1950च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या साहित्यावरच्या कराचे पैसे राज्यांकडे मत्स्यसंवर्धनासाठी जातात. परवान्याच्या शुल्काची त्यात भर पडते.

डॅलसपासून टेक्सोमा मोटारीने दीड तासाच्या अंतरावर आहे. डॅलसला मुलांकडे राहायला जाणाऱ्या मराठी आईवडिलांनी एवढे ध्यानात ठेवावे: ज्येष्ठ पास अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांनाच मिळतो, पर्यटक व्हिसावर नाही. मासेमारीचा 12 डॉलरचा टेक्सोमा परवाना मात्र बाहेरच्यांनाही त्याच दरात मिळतो आणि दोन्ही राज्यांच्या पाण्यात चालतो. त्याची मुदत 31 डिसेंबरला संपते, तेव्हा वर्षअखेरीस जाणाऱ्यांनी तारीख पाहूनच तो घ्यावा.