बायपॅपचा मास्क आणि उशाशी बसलेली माणसे

हेंद्रेपाड्यातल्या एखाद्या घरात सीओपीडीचे पेशंट असलेले अब्बा मध्यरात्री धापा टाकू लागले, की घरचे आधी बदलापुरातच धावाधाव करतात, नाही जमले तर उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा कळवा गाठतात. तिथे डॉक्टर म्हणाले, "बायपॅप लावतो," की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. घशात नळी घालावी लागली नाही ना, मग झाले! हा दिलासा खोटा नाही. सीओपीडीच्या पेशंटना या मास्कमुळे नळी घालण्याची वेळ कमी येते आणि मृत्यूही कमी होतात, हे १९९० च्या दशकापासून सिद्ध झालेले आहे. पण मास्कमधून दाबाने शिरणारी हवा फक्त फुप्फुसातच जाते असे नाही.

घशापासून दोन वाटा फुटतात, एक श्वासाची आणि एक अन्नाची. मशीनचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. तो २०-२५ च्या आसपास गेला की हवा अन्ननलिकेतून पोटात उतरू लागते. अशक्त पेशंटमध्ये त्याआधीही. पोट ढोलासारखे फुगते, वरचा पडदा दाबला जातो आणि दम आणखी लागतो. खरा धोका उलटीचा आहे. तोंडावर मास्क घट्ट बांधलेला असताना उलटी झाली, तर ती थेट फुप्फुसात जाऊ शकते.

म्हणून एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. अब्बांचे ओठ सुकलेले पाहून अम्मी मास्क जरा सरकवते, जमजमचे दोन घोट पाजते आणि मास्क पुन्हा लावते. यात मोहब्बत आहे, पण धापा टाकणाऱ्या माणसाला गिळणे आणि श्वास घेणे एकाच वेळी साधत नाही. सिस्टरला विचारल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा देऊ नये. ओल्या कापसाने ओठ पुसावेत.

आपल्या बुजुर्गांच्या बाबतीत दाढीचाही प्रश्न येतो. दाट दाढीवर मास्क नीट बसत नाही, कडेने हवा गळते. मग पट्टे करकचून आवळले जातात. नाकाच्या हाडावर आधी लाली येते, काही तासांतच कातडी सोलवटते आणि पुढे जखम होते. वर गळणारी हवा डोळ्यांवर येऊन ते कोरडे, लाल होतात. अशा वेळी दुसऱ्या मापाचा किंवा संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क आहे का, ते विचारावे. नसेल आणि डॉक्टरांनी दाढी बारीक करायला सांगितली, तर वॉर्डात वाद घालत बसू नये. जान वाचवण्यासाठी दीनमध्ये सवलत आहे.

काही त्रास इतके विरळ असतात की घाईच्या वॉर्डात ते चटकन लक्षातही येत नाहीत. कानापुढची लाळग्रंथी सुजून गालगुंडासारखा गाल फुगल्याची उदाहरणे आहेत. पट्ट्याचा दाब आणि तोंडातली हवा ही त्याची कारणे मानली जातात. कोरड्या हवेने कफ वाळून गोळा होतो आणि श्वासाची वाट अडवतो, म्हणून हवा ओलसर करणारे भांडे मशीनला लावतात. आणि कोरोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, डॉक्टरांना एक गोष्ट वारंवार दिसली: फुप्फुसातून निसटलेली हवा गळ्याच्या कातडीखाली जमणे. मान सुजते आणि बोट दाबले की पापड मोडल्यासारखे कुरकुरते. त्यासोबत छातीत एका बाजूला अचानक कळ आली किंवा ऑक्सिजनचा आकडा झपाट्याने घसरला, तर फुप्फुसाबाहेर हवा साठून फुप्फुस दबल्याची शक्यता असते. तिथे मिनिटांचा हिशोब असतो.

उशाशी रात्रभर घरचाच माणूस बसलेला असतो. पोट फुगलेले, पेशंट मास्क ओढून काढू पाहतोय, नेहमीपेक्षा जास्त गुंगीत आहे, यातले काहीही त्यालाच आधी दिसते. "त्रास नको द्यायला" म्हणून गप्प राहू नये, सिस्टरला उठवावे. मास्क लावला त्याच दिवशी तो झटक्यात कसा सोडवायचा हेही तिच्याकडून हाताने करून पाहावे, कारण उलटी होईल तेव्हा विचारायला वेळ नसेल.